काळ आणि वेळ : अमेरिकेतील बंदुकीचा वाद



अमेरिकेतल्या बंदुकांची बातमी आपल्याकडे पोहोचते ती बहुधा एखाद्या शाळेचे नाव घेऊन. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका. आपण हळहळतो, ‘हे लोक बंदुका काढून का घेत नाहीत’ असे एकमेकांना विचारतो आणि पान उलटतो. या घटनांचे दुःख कोणी कमी लेखू नये. पण सगळा वाद त्यांच्याच मापाने मोजला, की खरा प्रश्न नजरेआड होतो. २०२३ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे गेली. त्यांतले १७,९२७ खून होते आणि २७,३०० आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक मृत्यूंत मारणारा आणि मरणारा एकच होता. खुनांमध्येही सामूहिक हत्याकांडांचा वाटा अगदी थोडा. बाकीचे खून नवरा-बायकोच्या भांडणातले, रस्त्यावरच्या बाचाबाचीतले, टोळ्यांच्या वैरातले. त्यांची बातमी गावाबाहेर जात नाही. आज मला बोलायचे आहे ते या बातमी न होणाऱ्या मृत्यूंविषयी, कारण कायदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही याचा निवाडा तिथेच होतो.

आपल्याकडे एखादा माणूस मरणाच्या दारातून परतला की म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. काळ आणि वेळ वेगळे असू शकतात, ही त्या म्हणीतली समज मला या विषयात फार मोलाची वाटते. माणसाच्या आयुष्यात रागाचा किंवा निराशेचा काळ येतो. तो येऊ नये अशी व्यवस्था कोणतेही सरकार करू शकत नाही. पण त्या घटकेला हाताशी काय असावे हे मात्र सरकारला काही अंशी ठरवता येते. बंदूक-नियंत्रणाच्या कायद्यांपैकी जे उपयोगी पडले त्यांचा इतिहास पाहिला तर त्यांनी देश निःशस्त्र केलेला दिसत नाही. त्यांनी उद्वेग आणि हत्यार यांच्यामध्ये थोडा वेळ घातला. कुठे दहा दिवस, कुठे एका कुलपापुरती मिनिटे, कुठे पोलीस ठाण्याची एक फेरी. एवढ्याने माणसे वाचतात, असे माझे म्हणणे आहे. ते वरवर ऐकताना अपुरे वाटेल, म्हणून पुराव्यासह मांडतो.

पहिला आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत सहज पटणारा आहे: ज्याला मरायचे आहे तो मरणारच, बंदूक नाही तर दुसरे काही. हा आक्षेप तपासून पाहण्याची संधी इतिहासाने अनेकदा दिली आहे. इंग्लंडमध्ये घरगुती स्वयंपाकाचा गॅस पूर्वी कोळशापासून बनत असे आणि विषारी असे. साठच्या दशकात तो हळूहळू बदलला गेला. आत्महत्या रोखण्यासाठी मुळीच नव्हे, आर्थिक कारणांसाठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या झाल्या होत्या; १९७५ साली ३,६९३. देशातली दुःखे काही एक तृतीयांशाने घटली नव्हती. आपल्या शेजारी श्रीलंकेचे उदाहरण तर विदर्भ-मराठवाड्याची वेदना ठाऊक असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तिथे १९९५ साली दर लाख लोकसंख्येमागे ४७ आत्महत्या होत होत्या. अतिजहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली, आणि दहा वर्षांत हे प्रमाण २४ वर उतरले. विष घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात उतरली नव्हती. माणसे तशीच खचत होती, तशीच टोकाला जात होती. फरक इतकाच, की आता त्यांतली बरीच जिवंत घरी परतत होती. आणि परतलेल्यांचे पुढे काय होते? अशा प्रसंगातून वाचलेल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचा निष्कर्ष असा, की दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. मरणाचा निश्चय पक्का असतो हा आपला समज असतो. बहुतेकदा पक्के असते ते फक्त त्या वेळी हाती लागलेले साधन. बंदुकीच्या बाबतीत हे फार क्रूरपणे खरे आहे, कारण बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून दहांतला एखादाच वाचतो. तिथे पुन्हा विचार करायला जागाच उरत नाही.

इस्रायलच्या सैन्याने २००६ साली एक लहानसा बदल केला. आठवड्याअखेरच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल छावणीतच ठेवून जायचे. सैनिक तेच, ताण तोच, बंदूकही सुट्टीनंतर पुन्हा तीच. आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि घट प्रामुख्याने सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवसांतले आकडे काही तेवढ्याने वाढले नाहीत. इस्रायल हा बंदुकीकडे संशयाने पाहणारा देश नव्हे, म्हणून हा दाखला मला विशेष बोलका वाटतो.

आता अमेरिकेतच पाहू. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळात सुमारे २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदींचा मागोवा घेणारा एक विशाल अभ्यास झाला. ज्यांच्याकडे पिस्तूल आहे अशा पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट निघाले, आणि स्त्रियांत ३५ पट. धोका सर्वाधिक होता तो पहिली बंदूक विकत घेतल्यानंतरच्या काही दिवसांत. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर बंदूक हातात येण्यासाठी दहा दिवस थांबावे लागते, तरीही हे घडते; जिथे तीही अट नाही तिथे काय होत असेल याची कल्पना करावी. मात्र याच अभ्यासात माझ्या मुद्द्याला अडचणीचे ठरणारे एक सत्यही आहे आणि ते लपवून चालणार नाही. बंदूक बाळगणाऱ्यांच्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीनंतर वर्ष उलटून गेल्यावरचे होते. म्हणजे दुकानातली प्रतीक्षा एकदाच उपयोगी पडते. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या बंदुकीपुढे ती निरुपयोगी आहे. तिथे लागते ते कुलूप, काडतुसे वेगळी ठेवण्याची सवय, आणि वाईट दिवसांत ती बंदूक काही काळ घराबाहेर नेण्याची कायदेशीर सोय. मुलांच्या हाती बंदूक पडू नये म्हणून मालकावर जबाबदारी टाकणाऱ्या कायद्यांना रँड या संस्थेच्या व्यापक आढाव्यात सर्वांत भक्कम पुराव्याचे स्थान मिळाले आहे. अमेरिकेत २०२० पासून एक ते एकोणीस वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे आहे, वाहन-अपघात किंवा कर्करोग नव्हे. त्या देशात एका कुलपाची किंमत काय, हे यावरून कळावे.

‘आत्महत्यांचे ठीक आहे, पण गुन्हेगार कायदा पाळत नाहीत,’ हा दुसरा आक्षेप. खरे आहे, गुन्हेगार कायदा पाळत नाहीत. पण बंदूक विकणारा दुकानदार बहुतेकदा पाळतो, आणि अमेरिकेत हीच कळीची बाब आहे. आपल्याकडे बेकायदा हत्यार म्हणजे बहुधा गावठी कट्टा. तो मुंगेरसारख्या ठिकाणी किंवा आपल्या सीमेलगतच्या मध्य प्रदेशातल्या गावांत चोरून घडवला जातो, जन्मापासूनच बेकायदा असतो. परवान्याच्या कायद्याची पोच त्याच्यापर्यंत नाही, तिथे पोलिसी कामच हवे. अमेरिकेत गुन्हेगाराच्या हातातली बंदूक जवळजवळ नेहमी एकेकाळी रीतसर विकली गेलेली असते. कोणीतरी दुसऱ्याच्या नावावर ती घेतो, किंवा खासगी विक्रेत्याकडून घेतो, ज्याला संघराज्याच्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाची चौकशी करणे बंधनकारकच नाही. तेव्हा कायदेशीर बाजाराच्या दारात कोण उभे आहे याचा परिणाम बेकायदा बाजारावर होतो. कनेक्टिकटने १९९५ साली पिस्तूल घेण्यापूर्वी परवाना सक्तीचा केला: स्थानिक पोलिसांकडे स्वतः अर्ज, प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी. मिझुरी राज्यात असा कायदा १९२१ पासून होता. २००७ साली तो रद्द झाला. एकाने दार बसवले, दुसऱ्याने बसवलेले दार काढले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना कनेक्टिकटमध्ये बंदुकीच्या खुनांत सुमारे ४० टक्क्यांची घट दिसली. पुढे अधिक वर्षांची आकडेवारी घेतल्यावर हा अंदाज २८ टक्क्यांवर आला. मिझुरीत खून वाढले. पहिल्या अंदाजानुसार सुमारे चतुर्थांशाने. आणखी एक गोष्ट घडली, जी मला टक्केवारीहून महत्त्वाची वाटते. गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुकांमध्ये नुकत्याच, मिझुरीतच विकल्या गेलेल्या बंदुकांचे प्रमाण वाढले. दुसऱ्यासाठी बंदूक घेणाऱ्याला पूर्वी शेरीफच्या कार्यालयात तोंड दाखवावे लागे. ते दाखवणे टळले, आणि माल वाहू लागला. अशा अभ्यासांवर मतभेद आहेत. दोन राज्यांत बदललेली गोष्ट केवळ कायदाच होती असे शंभर टक्के कोणी म्हणू शकत नाही. पण दोन उलट दिशांचे प्रयोग दोन उलट दिशांचे निकाल देतात, तेव्हा योगायोग म्हणून हात झटकणेही अवघड होते. प्रतीक्षेच्या कायद्यांविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अनेक दशकांची आकडेवारी तपासून बंदुकीच्या खुनांत सुमारे १७ टक्क्यांची घट नोंदवली. थांबायला लावल्याने जर केवळ प्रामाणिक माणसाचीच गैरसोय होत असती, तर खून कशाला घटले असते?

यापुढचा आक्षेप मात्र मला खरोखर गंभीर वाटतो. जिच्या मागे माथेफिरू नवरा लागला आहे, त्या बाईला तुम्ही दहा दिवस थांब म्हणणार का? तिचे भय खरे आहे आणि कोणत्याही कायद्यात पोलीस किंवा न्यायालयाच्या संमतीने तातडीची सवलत हवी. परंतु बंदूक घरात आली की ती कोणाच्या विरुद्ध वळते, हेही त्याच स्त्रीच्या बाजूने विचारले पाहिजे. कॅलिफोर्नियातल्याच संशोधकांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसले, की पिस्तूल बाळगणाऱ्या माणसासोबत राहणाऱ्यांचा, घरातच, जोडीदाराच्या हातून बंदुकीने खून होण्याचे प्रमाण इतरांच्या सातपट होते. आणि अशा बळींपैकी ८४ टक्के स्त्रिया होत्या. स्वसंरक्षणाचा हक्क मी नाकारत नाही. संरक्षणासाठी म्हणून आणलेली वस्तू त्या घरातील स्त्रीचे संरक्षण करते असे गृहीत धरणे मात्र पुराव्याला धरून नाही. जिला धोका आहे तिच्याजवळ बंदूक देण्याआधी, ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याजवळची बंदूक काढणे अधिक सरळ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी नेमके हेच मान्य केले: कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयाने धोकादायक ठरवलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास मनाई करणे घटनेला धरून आहे.

ऑस्ट्रेलियाचे नाव या चर्चेत हमखास येते. टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ माणसे मारली गेली आणि बारा दिवसांत जॉन हॉवर्ड या उजव्या विचारांच्या पंतप्रधानांनी सर्व राज्यांकडून समान कायदा मान्य करून घेतला. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेतल्या. खरेदीला २८ दिवसांची प्रतीक्षा आली. खून तिथे आधीपासूनच घटत होते, त्यामुळे खुनांतल्या घटीचे किती श्रेय कायद्याला द्यावे यावर अभ्यासक भांडतात. बंदुकीच्या आत्महत्यांत झालेली घट अधिक ठळक आहे. मी या उदाहरणावर फार भार टाकणार नाही. जिथे नागरिकांकडे सुमारे ४० कोटी बंदुका असल्याचा अंदाज आहे, माणसांहून अधिक, तिथे बंदुका परत घेण्याची भाषा करणारा राजकीय पक्ष दुसऱ्या दिवशी निवडणूक हरतो. म्हणूनही मला वेळेचा युक्तिवाद पटतो. तो सरसकट सगळ्यांच्या बंदुका मागत नाही.

आता स्वातंत्र्याचा आक्षेप. इथे अमेरिकेतील बंदूक-समर्थक आपल्या महात्मा गांधींना साक्षीला बोलावतात, म्हणून आपल्याला उत्तर देणे भाग आहे. १९१८ साली सैन्यभरतीसाठी काढलेल्या एका पत्रकात गांधीजींनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची कठोर निंदा केली होती, हे खरे. व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत १८७८ साली झालेला तो कायदा युरोपियनांना मोकळे सोडून हिंदुस्थानी माणसाला परवान्याच्या रांगेत उभा करणारा, वर्णभेदाने लडबडलेला कायदा होता. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वारंवार ठराव केले आणि १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, घातलाही. मग स्वतंत्र देशाने काय केले? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सत्तेने लादलेल्या कायद्याविरुद्धची मागणी आणि स्वतःच्या राज्याची घटना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. शस्त्र धारण करणे हा हक्क म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून पाहावे असे ते म्हणाले. आणि ज्याला त्याला बाजारात जाऊन मारक साधने बेलगाम विकत घेता आली तर राज्यकारभार चालणार कसा, असे त्यांनी विचारले. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा झाला तोही परवान्याचाच. शस्त्रबंदीचा अपमान ज्या पिढीने प्रत्यक्ष सोसला, त्याच पिढीने मतपेटी हाती आल्यावर परवाना ठेवला. गांधीजींचे १९१८ चे वाक्य उद्धृत करणाऱ्याने १९४८ ची चर्चाही वाचली पाहिजे.

अमेरिकेची घटना निराळी आहे, हे मान्यच. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ च्या हेलर खटल्यापासून घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला जातो. पण हेलरचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनीच हा हक्क अमर्याद नाही, विक्रीवरील अटी आणि अपघात टाळण्यासाठी साठवणुकीवर घातलेले नियम या निकालाने बाद होत नाहीत, असे त्यात नमूद केले. २०२२ च्या ब्रुएन निकालाने मात्र नवा दंडक घातला: आजच्या नियमाला जुन्या अमेरिकी परंपरेत आधार दाखवा. अठराव्या शतकात दहा दिवसांच्या प्रतीक्षेचा कायदा कुठे होता, असा सवाल आता विचारला जातो. मला हा सवाल उलटा वाटतो. १७९१ ची बंदूक म्हणजे आपल्या कोकणातले शेतकरी ओळखतात तशी ठासणीची बंदूक. दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, मग एक बार. दुसऱ्यासाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून. वेळ त्या हत्याराच्या घडणीतच होता. तो कायद्याने घालावा लागत नव्हता. शिवाय दारूचा धोका ओळखून बॉस्टनमध्ये १७८३ साली भरलेली बंदूक घरात ठेवायला मनाई करणारा कायदा झाला होता, आगीच्या भीतीने का होईना. हत्यारातून जो वेळ कारागिरीने काढून टाकला तो कायद्याने काही अंशी परत घालावा, यात परंपरेशी द्रोह कुठे आहे?

उरतो तो आक्षेप मनोरुग्णांचा आणि अंमलबजावणीचा: नवे कायदे नकोत, वेड्यांना आवरा आणि आहेत ते कायदे पाळा. मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर हात उचलत नाहीत. समाजातल्या हिंसेपैकी गंभीर मनोविकाराला जोडता येईल असा वाटा सुमारे चार टक्केच आहे, तेव्हा सगळ्या रोगाचे निदान तिथे करणे हा त्या आजारी माणसांवर अन्याय आहे. रोग पाहण्यापेक्षा घटकेचा धोका पाहावा. कनेक्टिकटने १९९९ साली न्यायालयाच्या आदेशाने तेव्हा धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची बंदूक काही काळ ताब्यात घेण्याची तरतूद केली, आणि तिथल्या अभ्यासाचा अंदाज आहे की अशा दर दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळली. २०१८ च्या पार्कलंडच्या हत्याकांडानंतर रिपब्लिकन राज्यपाल असलेल्या फ्लोरिडानेही तसा कायदा केला. अंमलबजावणीचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, कारण नुसता वेळ पुरत नाही. त्या वेळात कोणीतरी पाहणारे असावे लागते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. त्या राज्यात महिन्याला एकच पिस्तूल घेता येईल असा कायदा होता आणि मारेकऱ्याने तो पाळला. एक पिस्तूल फेब्रुवारीत घेतले, दुसरे महिना उलटल्यावर मार्चमध्ये. दोन्ही वेळा त्याची तपासणी झाली आणि दोन्ही वेळा तो उत्तीर्ण ठरला. डिसेंबर २००५ मध्येच एका न्यायाधिकाऱ्याने तो स्वतःसाठी धोकादायक असल्याचे ठरवून उपचारांचा आदेश दिला होता, आणि संघराज्याच्या कायद्याने तेवढ्यावरून तो बंदूक घेण्यास अपात्र होता. पण रुग्णालयात दाखल न करता बाहेरून उपचार घेण्याच्या आदेशांची माहिती बंदूक-खरेदीदारांच्या तपासणीसाठी असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीकडे पाठवण्याची व्हर्जिनियात पद्धत नव्हती. राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात यासाठीचा संघराज्याचा कायदा जानेवारी २००८ मध्ये झाला. तो आदेश नोंदवहीपर्यंत पोहोचला असता, तर फेब्रुवारीतली पहिलीच खरेदी दुकानाच्या काउंटरवर अडली असती.